गोलूच्या विमानाचं माप

लिंकन, इंग्लंड

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. आई-बाबांना नमस्कार सांग, वहिनीला आठवण सांग आणि गोलूचा गालगुच्चा घे.

फोनवर आपलं अर्धं बोलणं रेंज खाते आणि उरलेलं तुझा कॉम्प्रेसर, म्हणून कागदावरच लिहितेय. सोबत फोटो आहेत आणि मापांचा एक कागद आहे. तो जपून ठेव, गॅरेजमध्ये हात पुसायला जाऊ देऊ नको.

गोलूचा हट्ट मला कळलाय. नागपूरला वायुसेनानगरात सूर्यकिरणची, म्हणजे आपल्या वायुसेनेच्या कसरती करणाऱ्या टीमची, विमानं डोक्यावरून गेली तेव्हापासून त्याला मुलांच्या पोळ्यात ओढायचा लाकडी बैल नकोसा झालाय. ‘आत्या, तान्ह्या पोळ्यात यंदा मी विमान ओढणार,’ असं तो सांगत होता आणि मागून आईचा आवाज येत होता, ‘पोळ्यात इमान कोन ओढते बाप्पा!’ मी आत्या आहे, त्यामुळे माझं मत कुणाच्या बाजूला पडणार हे वेगळं सांगायला नको. पण आईचंही ऐकू. बैल राहील, विमानही राहील. कसं, ते पुढे लिहिते.

आधी फोटोतल्या लाल विमानाबद्दल. हे एअरफिक्स कंपनीच्या मॉडेल किटमधून मी घरीच जोडलंय आणि रंगवलंय. थंडीत इथे चार वाजताच अंधार पडतो. ड्यूटी संपवून आलं की करायला काही नसतं, म्हणून हा नाद लागला. विमान आहे फॉलंड नॅट, दोन सीटचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं. माप 1/48, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा भाग. खरं विमान जेमतेम 9.7 मीटर लांब आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत 7.3 मीटर. तुझ्याकडे रंगायला येणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उभा केला तर लांबीत फार फरक पडायचा नाही. ते इतकं लहान असण्याला कारण आहे. त्या काळात लढाऊ विमानं दरवर्षी जड आणि महाग होत चालली होती. पेटर नावाच्या इंजिनिअरने उलटा विचार केला, हलकं आणि स्वस्त विमान काढायचं. 1955 मध्ये पहिलं नॅट उडालं.

लालच का, हे गोलू विचारेल. आमच्या लिंकनच्या बाहेरच वॉडिंग्टनचा हवाईतळ आहे. ब्रिटिश वायुसेनेची रेड ॲरोज ही कसरती करणारी टीम 2022 पासून तिथे असते. कधी कधी ती लाल विमानं शहरावरून जातात, तेव्हा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सगळे मान वर करून उभे. इथल्या लोकांना त्यांची सवय झाली असेल असं वाटतं, पण नाही झालेली. या टीमचा पहिला हंगाम 1965 चा, आणि तेव्हा त्यांच्याकडे सात नॅट होती. नऊ विमानांचा ताफा 1968 पासून. पहिल्या हंगामाच्याही आदल्या वर्षी, म्हणजे 1964 ला, यलोजॅक्स म्हणून एक टीम होती, तिची नॅट पिवळीधमक. गोलूला पिवळं आवडत असेल तर तेही खोटं ठरणार नाही. रेड ॲरोजकडे नॅट 1979 पर्यंत चाललं आणि 1980 पासून हॉक हे विमान आलं. आपलं सूर्यकिरण 1996 मध्ये बिदरला सुरू झालं ते किरण विमानांवर, पण आता त्यांच्याकडेही हॉकच. म्हणजे गोलूने नागपूरला पाहिलं आणि मी इथे पार्किंगमधून पाहते ते विमान एकाच घराण्यातलं आहे.

आता बाबांचा मुद्दा. ‘इंग्रजाचं विमान आपल्या पोराने काहून ओढावं?’ बाबांना सांग, नॅट जितकं त्यांचं तितकंच आपलं. बेंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते परवान्यावर बनवलं. 1965 च्या लढाईत 3 सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधूनच पाकिस्तानच्या साबर जेटला गाठलं आणि त्यांना वीरचक्र मिळालं. आणि 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों बॉम्ब पडत असताना नॅट घेऊन वर गेले, एकट्याने अनेक साबरशी लढले आणि शहीद झाले. वायुसेनेला मिळालेलं परमवीरचक्र एकच आहे, ते त्यांचं. आपली लढणारी नॅट एका सीटची होती, आणि लाल कधीच नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या लाल नॅटवर आपल्या वायुसेनेचं तिरंगी चक्र काढायला सांगू नका. ते विमान तसं नव्हतंच. मॉडेल करायचं तर होतं तसंच करायचं, नाहीतर सरळ खेळणं करायचं. दोन्हीची भेसळ मला पटत नाही.

म्हणूनच हे प्लास्टिकचं मी गोलूला पाठवत नाहीये. याची चाकं ज्या पायांवर आहेत ते आगकाडीएवढे बारीक. आपल्या गल्लीतल्या मुरमावर मारुतीच्या देवळापर्यंतसुद्धा ते टिकणार नाही, आणि बोजारा (पोळ्याची ओवाळणी) मागत घरोघर फिरायचं म्हणजे तर बोलूच नको. गोलूसाठी लाकडी विमान करायचं, आणि ते तू करायचं. माझ्या मॉडेलच्या तिप्पट. म्हणजे लांबी 60 सेंटिमीटर, पंख 46. कागदावर वरून, बाजूने आणि समोरून अशी तिन्ही चित्रं आहेत. लाकूड सागाचं नको, जड होतं. शिवणीचं मिळालं तर बघ. वाढईदादाकडून फक्त धड आणि पंखांचा मोठा आकार काढून घे, घासायचं तूच.

चाकांचं नीट ऐक. नॅटचे पंख अंगाला वरच्या बाजूला लागलेले आहेत आणि पातळ आहेत, त्यामुळे चाकं पंखात मावत नाहीत, पोटात जातात. म्हणून खाली उतरलेली चाकं एकमेकांच्या अगदी जवळ असतात. (खऱ्या विमानात त्या चाकांची झाकणंच हवेत ब्रेक म्हणून वापरत, हे गोलूला सांग, त्याला आवडेल.) पण दोरीने ओढताना असं विमान पहिल्याच वळणावर कलंडेल. तेव्हा बैलाला असतो तसाच चार चाकांचा पाट कर आणि विमान त्यावर दांडीने टेकव. उडतंय असंही दिसेल.

आता रंग. इथे मी तुला शिकवतेय असं समजू नको, उलट अर्ध्या गोष्टी मला तुझ्या गॅरेजात बसून आधीच माहीत होत्या. दोन भाग जोडले की मधे जी चीर राहते तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की वॉटर पेपरने घासायचं. मी 400 नंबरच्या पेपरपासून सुरू करून 1000 च्या पुढे गेले, पाण्यात बुडवून. बोट फिरवलं तर चीर लागता कामा नये, कारण चकाकता रंग काहीच लपवत नाही, उलट दाखवतो. मळकट हिरव्या लढाऊ विमानावर चूक खपते, कसरतीच्या विमानावर नाही.

लाल रंग मोठा लबाड. तो झाकत नाही, खालचं आरपार दिसतं. करड्या प्रायमरवर मारला तर विटका होतो, पांढऱ्यावर मारला तर उजळतो, आणि मधे फिका गुलाबी हात दिला तर कमी थरांत एकसारखा भरतो. मी पांढरा, मग गुलाबी, मग लाल असं केलं. पण नॅटच्या बाजूने एक पांढरी रेघ जाते. ती लाल झाल्यावर वरून मारायची नाही, हे तूच मला एकदा ट्रॉलीवर दाखवलं होतंस. लालावर पांढरा मारला की काही लाल रंग वर चढतात आणि रेघ गुलाबी पडते. म्हणून पांढरं आधी, त्यावर मास्किंग टेप, मग सगळं लाल. आणि एक युक्ती मी इथे शिकले ती तुला नवीन असेल. टेप लावली की तिच्या कडेवरून आधी पुन्हा पांढराच एक पातळ हात मारायचा. टेपखाली काही शिरायचंच असेल तर पांढऱ्यात पांढरं शिरतं आणि फट बंद होते. मग लाल मारला की कड ब्लेडने कापल्यासारखी येते. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढायची, सरळ वर न ओढता मागच्या बाजूला दुमडत, अगदी हळू. ती निघताना खालची रेघ इंचाइंचाने उघडी होते. त्या वेळी फोन वाजला तरी मी घेत नाही, तुझा असला तरी.

माझी रंग फवारायची गन म्हणजे पेनाएवढी. तुझ्या गनला हवेचा दाब 40 पीएसआय तरी लागतो, हिला 15 ते 20 पुरतो. रंग दुधाइतका पातळ करायचा, एका दमात झाकायला जायचं नाही. मॉडेलवर रंग जाड बसला की ते लगेच खेळण्यासारखं दिसतं. हिशेब कर ना, 1/48 वर एक दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास पाच मिलिमीटर रंग. तसा रंग लावलेलं विमान तू गिऱ्हाइकाला परत देशील का?

खुणा आणि अक्षरं वेगळ्या कागदावर छापून येतात. ती रेडियमसारखी सोलून चिकटवायची नसतात. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की कागदावरून सरकतात, मग ओल्या ब्रशने जागेवर न्यायची. त्याआधी सगळ्या विमानावर चकाकता क्लिअर हात हवाच. पृष्ठभाग खरखरीत असेल तर खाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी डाग दिसतो. वरून एक औषध लावलं की ती पापुद्र्यासारखी सुरकुतते. पाहणाऱ्याला वाटतं, गेलं काम. हात लावायचा नाही. वाळताना ती आपोआप ताणली जाते आणि पत्र्याच्या सांध्यातही बसते, जणू रंगवलेलीच. शेपटीवरचे लाल-पांढरे-निळे पट्टे मी मात्र टेप लावून रंगवले. मोठ्या जागेवर मला तेच बरं वाटतं.

वैमानिकाच्या डोक्यावरची काच चिकटवताना फेव्हिक्विक वापरायचं नाही, तिच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. आपला फेव्हिकॉल बरा. तुझ्या लाकडी विमानाला काच नाहीच, काळा रंग मार आणि वर क्लिअर दे.

रंग कोणता, हे गोलूला ठरवू दे. त्याला सूर्यकिरणचं लाल-पांढरं हवं असेल तर तेच मार. आकार नॅटचा, रंग सूर्यकिरणचा. वर मी भेसळ नको म्हटलं ते मॉडेलबद्दल. हे पोळ्याचं आहे. वहिनी त्या दिवशी म्हणालीच ना, बैलाची शिंगं तरी कुठं जन्मतः लाल असतात! बाबांना चक्र हवंच असेल तर यावर खुशाल काढा. सूर्यकिरणवर ते शोभेलच.

धुरासाठी गोलू अगरबत्ती लावायची म्हणतोय, ते अजिबात नको. खऱ्या विमानात गरम झोतात डिझेल सोडतात, त्याचा पांढरा धूर होतो, आणि रंग मिसळला की रंगीत. आपण शेपटीला तीन फिती बांधू. गोलू पळाला की उडतील.

आणि आईसाठी. बैल घरात बसवायचा नाही. पाटावर पुढे बैल, मागे विमान, दोरी एकच. बैलाला बेगड, झूल, बाशिंग सगळं नेहमीसारखं. झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणताना कुणी हसलं तर आईने दोन शब्द सुनवावेत, ते तिला छान जमतं.

वाढईदादा किती घेतो ते कळव. शिवण मिळालं नाही तर कोणतं लाकूड मिळतंय तेही कळव, जड असेल तर पंख आतून पोकळ करायचं माप मी पाठवते. पहिला लाल हात झाला की फोटो टाक, पण उन्हात काढलेला, ट्यूबलाइटखालचा नको. आणि गोलूचा बोजारा मी वहिनीच्या खात्यावर पाठवणार आहे. तुझ्या खात्यावर पाठवला की त्याचं थिनर होतं.

तुझी,
मंगू