आधी मेंढीचं रक्त तपासा, मग सेलेनियम द्या: पशुसंवर्धन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकरू उभं राहत नाही, मागचे पाय ताठ टाकतं, की मेंढपाळाला हल्ली हमखास सल्ला मिळतो, ‘सेलेनियम टोचा,’ म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणाऱ्या या खनिजाचं इंजेक्शन द्या. मेंढी पातळ हगते, रवंथ करत नाही, लोकर गळते, तरी तोच सल्ला. दुकानातून बाटली येते, वजन नजरेनं ठरतं आणि लहानमोठी सगळी जनावरं एकाच मापानं टोचली जातात. मेंढपाळांच्या वाड्यांवर, म्हणजे कळपांच्या मुक्कामांवर, उपचार करणारा पशुवैद्यक म्हणून हे पाहताना जीव कासावीस होतो. सेलेनियम कुणाला द्यायचं आणि किती, हे तपासणीवर ठरू द्या, एवढ्यासाठी हे पत्र.

सेलेनियम निरुपयोगी आहे, असं माझं मुळीच म्हणणं नाही. १९५७ पर्यंत जग त्याला विष म्हणूनच ओळखत होतं. त्या वर्षी ते शरीराला आवश्यक असल्याचं दिसलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कोकरांचे स्नायू पांढरे पडण्याचा रोग त्यानं टळतो, हे सिद्ध झालं. पण मेंढीची गरज किती? एक किलो कोरड्या चाऱ्यामागे साधारण ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम. तेच प्रमाण ५ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं आणि तसंच राहिलं, तर विषबाधेचा धोका असतो. इतक्या कमी अंतरात अंदाजाला जागा नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे दगावले, ते टोचलेल्या पूरक औषधात सेलेनियमचं प्रमाण चुकल्यामुळे. तिथे तर औषध तयार करणारे जाणकार होते.

मेंढीच्या बाबतीत हिशेब आणखी अवघड होतो, तो कोठीपोटामुळे, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यामुळे. तोंडावाटे दिलेलं सेलेनाइट, म्हणजे सेलेनियमचा क्षार, तिथले जिवाणू न विरघळणाऱ्या रूपात बदलतात आणि त्यातलं बरंचसं लेंडीतून निघून जातं. डुकराच्या शरीरात ते तीन चतुर्थांशांहून अधिक शोषलं जातं, मेंढीत जेमतेम एक तृतीयांश. यीस्टमधून दिलेलं सेलेनियम जास्त लागू पडतं. त्यात चारा बदलला, धान्य जास्त झालं किंवा आहारात गंधक वाढलं, की शोषण पुन्हा बदलतं. म्हणजे खनिज मिश्रणाच्या पिशवीवर छापलेला आकडा वाचून रक्तात किती पोचलं ते कळत नाही. इंजेक्शन तर कोठीपोटात जातच नाही, त्यामुळे तिथे माप चुकलं तर सावरायला काहीच उरत नाही.

आणि पातळ हगणाऱ्या मेंढीत आधी जंत बघायला हवेत, आंत्रविषार (जिवाणूंच्या विषानं होणारा आतड्यांचा रोग) बघायला हवा, खळ्यावर अचानक धान्य खाऊन कोठीपोट आंबलंय का ते बघायला हवं. यातलं काहीही सेलेनियमनं बरं होत नाही. मधल्या काळात खरा रोग मात्र कळपभर पसरतो.

आपल्याकडचा मोठा प्रश्न स्थलांतराचा आहे. माण, खटाव, आटपाडीकडचे कळप पाऊस ओसरला की चाऱ्यामागे निघतात, काही घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतात. काळ्या, चुनखडीच्या रानातला चारा वेगळा आणि कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्यावरचा वेगळा. जांभ्यातलं लोह सेलेनियम धरून ठेवतं, त्यामुळे ते गवताच्या मुळांना कमी मिळतं. एका तालुक्याची माती तपासून अशा कळपाचा निर्णय करता येणार नाही. नमुने वाटेवरचे हवेत. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरच्या काही गावांत मातीतच सेलेनियम इतकं आहे, की जनावरांचे केस झडतात, खूर सुटतात. एकाच देशात इतका फरक असताना सरसकट वाटप कशाच्या आधारावर करायचं?

तांब्याबद्दलही लिहायलाच हवं. गाईम्हशींसाठी बनवलेलं खनिज मिश्रण सर्रास मेंढ्यांना चारलं जातं. गाईला सोसेल एवढं तांबं मेंढीला सोसत नाही. ते महिनोन् महिने यकृतात साठतं आणि एखाद्या ताणाच्या दिवशी एकदम रक्तात उतरतं. मेंढीला कावीळ होते, लघवी लाल होते, मग ती जाते, आणि मालकाला वाटतं कुणी तरी विष घातलं. मेंढीसाठी वेगळं, कमी तांब्याचं मिश्रण आणि गाईच्या पिशवीवर ‘मेंढ्यांना देऊ नये’ असा ठळक मराठी इशारा, हे आपण करू शकता.

फिनलंडच्या जमिनीत सेलेनियम कमी होतं, म्हणून तिथल्या सरकारनं १९८४ मध्ये ते खतात मिसळायचं ठरवलं. त्यानंतर धान्य, दूध, मांस, माणसांचं रक्त हे सगळं नियमित तपासत राहिले. आकडे पाहून १९९० मध्ये प्रमाण घटवलं, १९९८ मध्ये पुन्हा वाढवलं. मला त्यांच्या खतापेक्षा ही तपासणी मोलाची वाटते.

आपल्याकडे औंधलाच रोग अन्वेषण विभाग आहे, राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. राज्याच्या महामेष योजनेतून मेंढपाळांना २० मेंढ्या आणि १ नर असे गट दिले जातात, तिथूनच सुरुवात करता येईल. या वर्षी कळप निघण्याआधी काही वाड्यांवरच्या मेंढ्यांचं रक्त घ्या, वाटेतल्या मुक्कामांवर चारा घ्या, मेलेल्या कोकरांचं यकृत तपासायला पाठवण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात करा. निष्कर्ष मेंढपाळांना त्यांच्या भाषेत कळवा. तोवर सेलेनियमचं इंजेक्शन पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, अशी सक्त सूचना दुकानांना देण्याची व्यवस्था करावी, ही विनंती.

आपला,
वाड्यांवर फिरणारा एक पशुवैद्यक