वेट बेल्ट: बांधताना आणि सोडताना

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंगला जायचं ठरलं आणि भाड्याच्या सामानावर विसंबण्यापेक्षा तू स्वतःचा वेट बेल्ट, म्हणजे पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला बांधायचा शिशाच्या वजनांचा पट्टा, घेतलास, हे उत्तम केलंस. पाठवलेला फोटो मोठा करून नीट पाहिला. बकल धातूचं आहे, दाबून बसणारं आहे, पट्टा ५ सेंटीमीटर रुंदीचा नायलॉनचा आहे. सामान चांगलंच आहे. पण फोटोत जसा बांधलायस तसा घालून समुद्रात उतरू नकोस.

बेल्ट नको तेव्हा सुटता कामा नये, आणि हवा तेव्हा एका हाताने, न बघता सुटलाच पाहिजे. तुझ्या बांधणीत दोन्हींची खात्री नाही.

आधी शेपटीचं बघ. उरलेला लांबलचक पट्टा तू कमरेत खोचलायस. बकल उघडलं तरी ती खोचलेली शेपटी बेल्टला धरून ठेवते. तुला वाटेल वजन गेलं, आणि ते एका बाजूला लोंबकळत राहील. वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) चढव, वजनं ओवून बेल्ट आवळ, बकलच्या पुढे १५ ते २० सेंटीमीटर ठेव आणि बाकीचा काप. पुढेमागे जाड सूट घेणार असशील तर आत्ताच त्या मापाने काप. टोक गोलसर कापून आचेवर धर, म्हणजे धागे उसवणार नाहीत आणि बकलमधून ओवताना अडणार नाहीत. शेपटी कुठेही खोचायची नाही, मोकळीच राहू दे.

दुसरं, चारही वजनं तू मागे एका जागी जमवलीयस. तिथे हवेचा सिलिंडर येतो. शिसं त्याखाली दबलं की कणा दुखतो, शिवाय बेल्ट सोडताना तिथेच अडकू शकतो. दोन-दोन वजनं दोन्ही कुशींवर, सारख्या अंतरावर घे. बकलच्या दोन्ही बाजूंना १० सेंटीमीटर जागा मोकळी ठेव, नाहीतर हाताला बकलऐवजी शिसं लागतं. वजनं सरकू नयेत म्हणून पट्टा वजनाच्या एका खाचेतून वर काढ, अर्धा पीळ दे आणि दुसऱ्या खाचेतून खाली घाल. त्या पिळाने वजन जागचं हलत नाही. नाहीतर दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे स्टॉपर लाव. वजनं सरकली की बेल्ट फिरतो आणि बकल कुशीला किंवा पाठीमागे जातं. घाबरलेला माणूस पोटावर चाचपडतो, तिथे काहीच सापडत नाही.

किती शिसं लागेल ते कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नकोस. ३ मिलीमीटरचा सूट आणि अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर असेल तर तुझ्या अंगाला ४ ते ६ किलो हा सुरुवातीचा अंदाज धर, आणि पाण्यात तपास. सगळं सामान अंगावर, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) पूर्ण रिकामी, पायातले फिन न हलवता उभा राहा आणि नेहमीचा श्वास घेऊन धर. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे, आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला पाहिजेस. सिलिंडर भरलेला असताना हे तपासलंस तर त्यावर साधारण २ किलो वाढव. ११ लिटरच्या सिलिंडरमधून हवेचा दाब २०० चा ५० बार होईपर्यंत तेवढ्याच वजनाची हवा जाते, आणि शेवटी वर येताना ५ मीटर खोलीवर थांबताना तू वर ओढला जातोस. स्विमिंग पूलमध्ये ठरवलेलं वजन समुद्रात पुरत नाही. सामानासकट १०० किलोच्या माणसाला खाऱ्या पाण्यात आणखी सुमारे अडीच किलो लागतात. तरी भीतीपोटी जास्तीचं शिसं चढवू नकोस. मग बीसीडीत जास्त हवा भरावी लागते, पाय खाली जातात आणि वर आल्यावर तरंगत राहणंच अवघड होतं.

घालताना मोकळं टोक उजव्या हातात आणि बकल डाव्या हातात धर, म्हणजे उघडायला उजवा हात लागेल. बेल्ट उचलतानाही मोकळ्या टोकाकडूनच उचल. बकलकडून उचललास तर वजनं दुसऱ्या टोकाने घसरून थेट पायावर येतात. कमरेत वाकून पाठ आडवी कर, वजन पाठीवर टेकव आणि मग आवळ. उभ्याने आवळलेला बेल्ट सैल राहतो. त्यावर काहीही येता कामा नये: बीसीडीचा कंबरपट्टा नाही, मांड्यांमधला पट्टा नाही. तो मांड्यांमधला पट्टा असेल तर आधी तो लाव, त्यावर बेल्ट. बीसीडीचं बकल हुबेहूब असंच असेल तर एखादं बदलून घे. दोन सारखी बकलं पोटावर असली की हात चुकीचं उघडतो.

खाली गेल्यावर सूटचं निओप्रीन रबर दबतं आणि आवळलेला बेल्ट ढिला होतो. ५-६ मीटरवर एकदा आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा, आडवं पडून आवळ.

आता सोडण्याबद्दल. बुडून गेलेल्यांच्या तपासात बेल्ट कमरेलाच आढळल्याचं पुन्हापुन्हा नोंदलं गेलंय. बकल बिघडलेलं असतं म्हणून नव्हे, हात तिकडे जातच नाही म्हणून. पृष्ठभागावर आलास, दम लागलाय, बीसीडी फुगत नाहीये, तोंडात पाणी जातंय, तर विचार करत बसू नकोस. उजव्या हाताने बकल उघड, बेल्ट कमरेपासून ओढून काढ, हात लांब करून बाहेर धर आणि सोड. नुसतं बकल उघडून थांबलास तर तो सुरीत किंवा फिनच्या पट्ट्यात अडकतो. क्षणभर खाली कोणी आहे का बघ. शिसं पुन्हा विकत मिळतं.

खोल पाण्यात मात्र बेल्ट टाकणं हा अगदी शेवटचा उपाय. तिथे वजन गेलं की वर जाणं तुझ्या हातात राहत नाही, आणि श्वास कोंडलास तर फुप्फुसं फाटू शकतात. अचानक निसटलाच तर बीसीडी रिकामी कर, बडीला (सोबतच्या जोडीदार डायव्हरला) किंवा खडकाला धर. नाही जमलं तर हातपाय पसरून आडवा हो आणि सतत श्वास सोडत राहा. बेल्ट अजून हातात असेल तर पोटावर आडवा हो, तो पाठीवर घे आणि तिथेच लाव. सगळं शिसं बेल्टवर ठेवू नकोस. सिलिंडरच्या पट्ट्यावर एक-दीड किलो अडकवलंस तर बेल्ट गेला तरी तेवढं अंगावर राहतं.

उडी मारण्याआधी बडीला तुझ्या बकलला हात लावायला सांग. कुठल्या हाताने, कुठल्या दिशेला उघडतं हे त्याला कळलं पाहिजे. तूही त्याचं बघून घे. बोटीवर चढताना पहिल्यांदा बेल्ट काढून वर दे, मग बीसीडी. बोटीच्या बाकावर मात्र ठेवू नको, बोट हलली की तो कोणाच्या तरी पायावर पडतो.

प्रत्येक डुबकीनंतर बकल उघडं ठेवून गोड्या पाण्यात धू. बिजागरीत वाळू आणि मीठ साचलं की खटका नीट बसत नाही, किंवा बसला की उघडत नाही. शिशाला हात लावल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने धुवायचे.

मुर्डेश्वरला निघायच्या आधी पूलमध्ये, हातमोजे घालणार असशील तर हातमोज्यांसकट, डोळे मिटून बेल्ट सोडून आणि परत लावून बघ. उथळ बाजूला कर, आणि कोणीतरी सोबत असू दे.

तुझा,
श्रीकांत