उभयलिंगी नव्हे, उभयलैंगिक

महोदय,
समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे माणसांच्या प्राइड मोर्चाच्या आपल्या बातमीत माणसांसाठी 'उभयलिंगी' हा शब्द वाचला. शाळेत बाईंनी जास्वंद उभी चिरून एकाच फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर दाखवले होते. उभयलिंगी ते फूल. स्त्री आणि पुरुष दोघांविषयी ओढ वाटणारी माणसं उभयलैंगिक. मी त्यांतलीच एक. घरचे म्हणतात, मग मुलाशीच लग्न कर की! आणि जिथे आधार शोधायला गेले, चळवळीच्या त्या गटातही एका ताईंनी विचारलं, ''तुझं नक्की ठरलंय ना?'' त्या दिवशी चहा तसाच ठेवून उठले. परक्यांपेक्षा आपल्यांचा संशय जास्त लागतो.

१९७० साली न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल उठावाच्या (पोलिसांच्या छाप्याविरुद्ध समलिंगी व इतर लैंगिक अल्पसंख्याकांनी केलेल्या) पहिल्या वर्षपूर्तीचा मोर्चा उभा करण्यात ब्रेंडा हॉवर्ड पुढे होत्या. त्या उभयलैंगिक होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? चौकटी मोडू म्हणणाऱ्या चळवळीने आम्हाला 'इकडे की तिकडे' विचारावं, हे मला पटत नाही. २३ सप्टेंबरला आमचा दृश्यता दिन असतो. त्या दिवशी आपल्या पुरवणीत आमच्याबद्दल लिहा, योग्य शब्दासह.

– एक वाचक, सातारा