छपराचा अंदाज: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मिस्त्रींनी दिलेल्या कागदाचा फोटो मिळाला. त्यावर एकच ओळ आहे, "छप्पर, 600 फूट, मालासकट", आणि खाली रक्कम. ती रक्कम जास्त की कमी, हे त्या कागदावरून कळायला मार्गच नाही. पत्रा किती जाडीचा, लोखंड किती किलो, पन्हळ धरली आहे की नाही, काहीच लिहिलेलं नाही. उद्या काम अर्ध्यावर आल्यावर "ते यात नव्हतं" असं कुणी म्हणालं, तर आपण दाखवणार काय? म्हणून होकार देण्याआधी हे पत्र दोघांनी मिळून वाचा. फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय.

आधी ते 600 बघू. घर 30 बाय 20, म्हणून 600. पण हे झालं जमिनीचं माप. छप्पर भिंतींच्या बाहेर येतं. वळचण दोन्ही बाजूंना 2-2 फूट धरली की रुंदी 24 होते आणि दोन्ही टोकांना एकेक फूट सोडला की लांबी 32. आढं मधोमध आहे, म्हणजे आढ्यापासून वळचणीपर्यंतचं आडवं अंतर 12 फूट. मिस्त्री म्हणतात, आढं वळचणीपासून 5 फूट वर येईल. आता 12 चा वर्ग 144, 5 चा 25, बेरीज 169, आणि वर्गमूळ 13. म्हणजे उतारावरून मोजलं तर पाख्याची, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूची, लांबी 13 फूट. एक पाखं 13 गुणिले 32, म्हणजे 416 चौरस फूट. दोन्ही मिळून 832. खाली 600 आणि वर 832! मजुरी फुटावर ठरणार असेल, तर ती यातल्या कुठल्या मापावर, हे आधीच विचारा. बहुतेक भांडणं याच एका प्रश्नावरून होतात.

पण 832 फूट पत्रा आणूनही भागणार नाही. पत्रे एकमेकांवर चढवावे लागतात. समजा पत्रा साडेतीन फूट रुंद आहे. शेजारच्या पत्र्यावर चढल्यावर तो साधारण 1 मीटर, म्हणजे 3.28 फूटच झाकतो. 32 ला 3.28 ने भागलं की पावणेदहा येतात, म्हणजे एका पाख्याला 10 पत्रे आणि दोन्हींना 20. लांबी 13 फूट, अधिक पाणी नीट पन्हळीत पडावं म्हणून खाली 3 इंच. असे सव्वातेरा फुटी 20 पत्रे घेतले, की विकत घेतलेला पत्रा होतो जवळजवळ 928 चौरस फूट. दुकानदार दर सांगतो तो पत्र्याच्या पूर्ण रुंदीवर की झाकणाऱ्या रुंदीवर, हे विचारायचं ते याचसाठी. दोन दुकानांचे दर सारखे दिसतात आणि बिलात फरक पडतो, तो इथे.

एकसंध सव्वातेरा फुटी पत्रे मिळत असतील तर तेच घ्या, कापून देतात. नाही मिळाले तर 8 फुटी आणि 6 फुटी जोडावे लागतील. मध्ये 6 इंच चढवले की साडेतेरा उरतात, म्हणजे वाया फारसं जात नाही. पण सांधा आला की पाणी शिरायला जागा होते. मला एकसंधच बरे वाटतात.

आढ्यावरच्या कोन्यांचं, म्हणजे आढ्याची फट झाकणाऱ्या वाकवलेल्या पत्र्यांचं, एकदा कागदावर करून बघा, मजा येईल. आढं 32 फूट, कोना 8 फुटी. भागाकार म्हणतो 4 पुरे. पण प्रत्येक कोना पुढच्यावर 6 इंच चढतो, त्यामुळे पहिला 8 आणि पुढचे तीन साडेसात-साडेसात, एकूण साडेतीस. दीड फूट उघडंच! म्हणून 5 आणायचे. चारच आणले, की एकतर पाचव्यासाठी पुन्हा गाडी पाठवायची, नाहीतर मिस्त्री सांधे 2 इंचांवर भागवणार आणि ते तुम्हाला खालून कधी दिसणार नाही.

लोखंडाचंही तसंच आहे. पत्र्याखालचे आडवे पाइप, ज्यांना फॅब्रिकेटर पर्लिन म्हणतात, ते सव्वातीन फुटांवर एक असे धरले तर एका पाख्याला पाच ओळी, दोन्हींना दहा, एकूण 320 फूट. पाइप साधारण 20 फुटी येतो, म्हणजे हिशेबाने 16. पण पाइपाचा सांधा कैचीवरच, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावरच यायला हवा, अधांतरी नको. म्हणून तुकडे उरतात आणि 18-20 नग लागतात. पाइप किलोवर विकला जातो, तेव्हा कागदावर पाइपाचं माप, जाडी आणि एकूण वजन तिन्ही यायला हवीत. ओळी पाचाच्या चार केल्या की पैसे वाचतात खरे, पण पत्रा मध्ये झोल खातो आणि कुणी वर चढलं तर पायाखाली दबतो. इथे काटकसर करू देऊ नका.

स्क्रूंचा हिशेब असा: 20 पत्रे, पाच ओळी, दर ओळीला सरासरी चार, म्हणजे 400. शिवाय पत्र्यांच्या कडा एकमेकींना जोडायला आणि कोन्यांना, म्हणून साडेपाचशे सांगा. एकूण खर्चात स्क्रू म्हणजे किरकोळ बाब, पण गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. वॉशर चांगल्या रबराचा हवा. स्क्रू ढिला राहिला तर पाणी आत येतं. फार आवळला तर रबर चेपून बाहेर येतं आणि काही पावसाळ्यांत फाटतं. बाबा, पहिल्या दोन ओळी मारून झाल्या की खालूनच विचारा, वॉशर सगळीकडून सारखा बसलाय ना.

जाडीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण फसवणूक होते ती इथेच. "अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा" म्हणताना काही जण रंगासकट जाडी सांगतात, काही फक्त लोखंडाची. रंग आणि जस्ताचा थर वजा केला की लोखंड कमी भरतं. पावतीवर दोन्ही जाड्या लिहून मागा आणि शंका आली तर वजन करा. 1 मिलिमीटर जाडीच्या लोखंडाचं वजन दर चौरस मीटरला 7.85 किलो असतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं सुमारे 3.9. फक्त एक लक्षात ठेवा, नागमोडी पत्रा उलगडला तर दिसतो त्याहून रुंद असतो. रुंदी मोजायची ती टेप चढ-उतारावरून फिरवून.

आई, तुला कौलं हवीत, हे मला माहीत आहे. कौलं थंड असतात आणि पावसाचा आवाजही कमी येतो. म्हणून तोही हिशेब केला. मंगलोरी कौलांना उतार जास्त लागतो, साधारण 30 अंश. म्हणजे आढं 5 ऐवजी 7 फूट वर न्यावं लागेल, पाखं जवळजवळ 14 फुटांचं होईल आणि क्षेत्रफळ 890 च्या आसपास. चौरस मीटरला 15 कौलं धरली आणि फुटतूटही धरली तर 1300 कौलं. एकेक कौल दोन-अडीच किलोचं, म्हणजे वर अडीच-तीन टन. खाली रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या पट्ट्या, साधारण फुटा-सव्वाफुटावर लागतात, त्या सगळ्या मिळून 900 फुटांच्या घरात जातात. वासे वेगळेच. भिंती हा भार पेलतील का, हे जाणकार इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तोवर पत्र्याचाच अंदाज पुढे नेऊ. त्यात पत्र्याखाली उष्णतारोधक थर धरायला मी सांगणार आहे, त्याने दुपारचा ताप आणि आवाज दोन्ही कमी होतात. पण तो पत्रा बसवण्याआधी अंथरावा लागतो. नंतर आठवून उपयोग नाही, म्हणून तो आत्ताच्याच कागदात हवा.

पत्रा हलका, म्हणून वाऱ्याची भीती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि छपराला तो वर खेचतो, सगळ्यात जास्त कोपऱ्यांवर आणि कडांना. कैच्या भिंतीवर नुसत्या टेकवलेल्या नकोत, त्या बोल्टने भिंतीत धरलेल्या हव्यात. त्या बोल्टांची वेगळी ओळ लिहून घ्या.

पन्हळीचा हिशेब मात्र उलटा. पाऊस सरळ पडतो, म्हणून तिथे उताराचं माप घ्यायचं नाही. 24 गुणिले 32, म्हणजे सुमारे 71 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटर पाऊस झाला तर दर तासाला साडेतीन हजार लिटर पाणी, म्हणजे एकेका पन्हळीतून मिनिटाला 30 लिटर. पन्हळीला दर 10 फुटांना निदान अर्धा इंच उतार द्यायला सांगा.

बाकी ओळी भराभर लिहिते: जुनं छप्पर उतरवणं आणि माल हलवणं, पहाड (परांची) बांधणं, गाडीभाडं, लोखंडाला प्रायमर आणि रंग, वायरी आणि पंखे काढून पुन्हा बसवणं, ताडपत्री. या सगळ्यावर दहा टक्के राखून ठेवा, कारण भिंतीचा माथा उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही. मागच्या पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे कुणालाही फोडू किंवा कापू देऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पाणी मारून, अख्खेच उतरवायचे. तेव्हा आई, तू त्या बाजूला थांबू नकोस.

आता एवढंच करा. माझा सगळा हिशेब आढं 5 फूट उंच येईल, या मिस्त्रींच्या शब्दावर उभा आहे. ते 6 झालं तर पाखं 13 फूट 5 इंचांचं होतं आणि सव्वातेरा फुटी पत्रे सगळेच्या सगळे आखूड पडतात. कापून आणलेला माल परत घेत नाहीत. तेव्हा कैच्या चढल्यावर उतारावरून टेप टाकून लांबी मोजायची आणि मगच पत्रे मागवायचे. भिंतींच्या माथ्यावर दोन्ही कर्णही मोजून घ्यायला सांगा. घर काटकोनात असेल तर ते 36 फुटांहून जेमतेम पाऊण इंच जास्त भरतील, दोन्ही सारखे. सारखे नसतील तर शेवटचा पत्रा तिरका कापावा लागेल आणि एक नग वाढेल. मापं मिस्त्रींकडून घ्या. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. आकडे कळवलेत की मी नगांची यादी लिहून पाठवते, त्याच यादीवर मिस्त्रींकडून ओळवार दर भरून घ्या.

तुमची लेक