रात्री दोनच्या गजराला उठणाऱ्यांना

माणूस अंथरुणाला खिळला की पहिल्या आठवड्यात घरी रीघ लागते. निघताना प्रत्येक जण दारात थांबून म्हणतो, "काही लागलं तर हक्कानं सांगा." महिन्याभरानं जे लागतं ते अगदी ठरलेलं असतं: रात्री दहा, बारा, दोन, चार आणि सहाला कूस बदलायला कुणीतरी. तोवर हक्काची माणसं पांगलेली असतात. उरता तुम्ही. हे आभार तुमचे.

माकडहाड, खुबे, घोटे, टाचा या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, रक्त पोचत नाही आणि बेडसोअर, म्हणजे दाबानं पडणाऱ्या जखमा, होतात. म्हणून ही दोन तासांची पाळी. तीही नुसतं उलटंपालटं करून भागत नाही. पूर्ण कुशीवर वळवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, त्यामुळे पाठीला उशी देऊन 30 अंशांइतकंच कलतं ठेवायचं. एक उशी गुडघ्यांमध्ये. एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, कातडी घासून सोलवटते. अंगाखालच्या आडव्या चादरीची टोकं दोघांनी धरून उचलायचं. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर तो क्षणभर फिका पडायला हवा. लालच राहिला तर धोक्याची खूण, आणि तिथं चोळायचं तर मुळीच नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हातानंच कळतं: जागा गरम लागते किंवा टणक.

हे सगळं तुम्हांला पाठ आहे, माहीत आहे. पण आभार मानायचेत ते त्याच्या पुढच्या गोष्टीचे. कूस बदलून झाली, उशा लागल्या, आता दिवा मालवून पाठ टेकायला हरकत नसते. तरी तुम्ही अंगाखालच्या चादरीवरून एकदा तळहात फिरवता. सुरकुती, बिस्किटाचा कण, सुटलेलं बटण, मांडीखाली अडकलेली लघवीची नळी. दोन तास त्यावर पडून राहिलं तर तेवढ्यानंही कातडीवर वळ उठतो, आणि ज्याला बोलता येत नाही तो सांगणार कसा? पाच सेकंदांचं काम. कुठल्या तक्त्यात त्याचा रकाना नाही, सकाळी कुणी विचारत नाही, ज्याच्यासाठी केलं त्यालाही कळत नाही. चांगुलपणा म्हणून जे काही असतं ते मला त्या तळहातातच दिसतं.

हवेची गादी आणून देऊन सुटलेल्यांनाही एक सांगायला हवं. गादी चांगलीच, पण ती कूस बदलत नाही. त्यापेक्षा आठवड्यातली एक रात्र घ्या, दहा ते सहा.

आणि तुम्ही, आमचा जीव ज्यांच्यावर टाकलेला आहे ते, स्वतःची पाठ सांभाळा. पलंग वर घेता येत असेल तर कमरेएवढा घ्या, नसेल तर एक गुडघा पलंगावर टेकवून उचला. एकट्यानं नकोच. शेजारच्या खोलीतल्याला उठवा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या.