सीटबेल्टशिवाय सांगाडा व्यर्थ

संपादक महोदय,

डोंगरउतारावर सामान वाहणाऱ्या चारचाकी ऑफ-रोड वाहनांना, ती उलटल्यास बचाव व्हावा म्हणून, लोखंडी सांगाडा असतो. परंतु सीटबेल्ट न लावलेला चालक बाहेर फेकला जाऊन त्याच सांगाड्याखाली चिरडला जाऊ शकतो. वाहन कलंडू लागताच हात-पाय बाहेर काढून ते सावरू पाहणे तर अधिकच घातक. हौद्यात माणसे बसवू नयेत, हे वेगळे सांगायला नको. उतारावर, विशेषतः हौदा भरलेला असताना, आडवे जाण्याऐवजी सरळ चढावे-उतरावे.

टायरमधील हवा टायर थंड असताना, कमी दाब मोजणाऱ्या गेजनेच मोजावी. धुळीत वापर झाल्यावर एअर फिल्टर पाहावा आणि सायलेन्सरभोवती अडकलेले वाळके गवत, तो निवल्यावर, आठवणीने काढावे. तिथे आग लागू शकते.

आपला,
एक वाचक