पंप जळायच्या आधी टाकीत पेट्रोल टाका

संपादक साहेब,
हल्ली गाडीचा फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप, गेला की सगळे ई-२० पेट्रोलला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) शिव्या घालतात. माझं नाशकात गॅरेज आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या जळक्या पंपांत जास्त भरणा सीएनजी गाड्यांचा, आता बोला. पंप असतो टाकीच्या आत तळाला, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणूनच थंड राहतो, आणि सीएनजीवाले पेट्रोल टाकणार शंभर-दोनशेचं, काटा कायम रिझर्व्हला, त्यात बऱ्याच गाड्यांत सीएनजीवर चालतानाही पंप फिरतच असतो, म्हणजे तो बिचारा दिवसभर अर्धा कोरडा तापतो. कसारा घाट चढताना होतं नव्हतं ते पेट्रोल टाकीच्या एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, मग झटके. पाव टाकी तरी ठेवत जा हो.

ई-२० अगदीच निर्दोष आहे असं पण नाही. इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात गाडी नुसती उभी राहिली की ते पाणी तळाला बसतं, गंज धरतो, पंपाच्या तोंडाची जाळी चोंदते. कधी पंपच मुळात खराब निघतो. २०२४ मध्ये मारुतीने १६ हजार बलेनो-वॅगनआर आणि होंडाने ९० हजारांवर गाड्या पंपासाठी परत बोलावल्या, पार्ट फुकट बदलून. जुनी गाडी घेतली असेल तर कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून बघा, फुकटचं काम पैसे देऊन का करायचं.

आता धंद्यातले लोक चिडतील, पण गाडी स्टार्ट होत नाही म्हटल्यावर न तपासता पंपाची अख्खी असेंब्ली, म्हणजे मोटर-जाळीसकट सगळा संच, बदलायची ही सवय वाईट. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं आवाज येतो. तो नाही आला तर आधी फ्यूज बघा, पंपाला करंट देणारा रिले काढून त्याच नंबरचा दुसरा लावून बघा, वायरिंगचं अर्थिंग बघा. आवाज येतोय पण चढाला दम नाही, तर गेज लावून पेट्रोलचं प्रेशर मोजा, कित्येकदा जाळी नाहीतर फिल्टर बदलून काम होतं, आणि बऱ्याच गाड्यांना नुसती मोटर सुटी मिळते हे गिऱ्हाइकाला कोणी सांगतच नाही. जुना पार्ट मागून घ्या.

पेट्रोलमध्येच भेसळीचा संशय असेल तर पेट्रोल पंपावर फिल्टर पेपर टेस्ट मागा (कागदावर पेट्रोलचा थेंब टाकून डाग राहतो का बघतात), फुकट असते, नाही म्हणाले तर तक्रार वही मागायची.

– एक गॅरेजवाला, नाशिक